वासराची ओळ

५ नोव्हेंबर, बुध.

सकाळपासून लाइट नाही. मोटारची मशीन बंद, पायाची मशीन हाणून हाणून पिंढऱ्या भरून आल्या. चार ब्लाऊज द्यायचे होते, एक झाला.

दुपारी टाकळीची मंदाताई आली. म्हणे माप घे. मी म्हटलं, बाई, पंधरा वर्षं झाली तुह्ये ब्लाऊज शिवून राह्यली, तुहं माप मले झोपेत पाठ आहे. त खुर्चीवर बसली अन् पदर तोंडाले लावून रडायलेच लागली. तिचा अक्षय. दोन वर्षं झाली घर सोडून. ट्रॅक्टर नाल्यात घातला म्हणून तिच्या नवऱ्यानं, देवरावभाऊनं, चारचौघात त्याच्या कानाखाली मारली अन् पोट्टा त्याच दिवशी पुण्याकडं निघून गेला. तिकडं कंपनीत आहे. मायले चोरून फोन करते. बापाचं नाव काढत नाही, अन् बाप घरात त्याचं नाव काढू देत नाही.

मंग बोलली: "तू मले मागं ती गोष्ट सांगितली होती न, घर सोडून गेलेल्या पोराची अन् त्याच्या बापाची. तुमच्या चर्चचे लोक नाटकं करतात. ते माह्या अंगणात करा. ह्यायले एकदा तो बाप पाहू दे."

मी हो म्हटलं. कोणाले विचारलं नाही. विचारत बसली असती त नाताळ निघून गेला असता.

९ नोव्हेंबर, रवि.

उपासना झाल्यावर चर्चची कमिटी बसली. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, नवीन, नगरकडचे. माणूस चांगला, पण सगळं कागदावर पाहिजे. टाकळीचं ऐकून खूश झाले. मंग म्हणे, शेवटी दहा मिनिटं मला द्या, मी येशूबद्दल साक्ष देईन, पत्रकंही वाटू.

मी म्हटलं, नाही. नाटक झालं की चहा घ्यायचा अन् घरी यायचं. गोष्ट आपल्या शास्त्रातली, बायबलातली आहे हे मी सुरुवातीलेच सांगीन, लपवणार नाही. पण एक बाई रडत रडत आपल्याले घरात बोलावते, अन् आपण तिच्या रडण्यावर पत्रक चिकटवायचं का? कोणाले पुढं काही विचारायचं असन त माझं दुकान साऱ्या तालुक्याले माहीत आहे.

साहेबाचं तोंड उतरलं. मग याला सेवा कसं म्हणायचं, म्हणाले. आवाज चढला माझा, मले समजलं. प्रकाशनं (आमच्या ह्यायनं) टेबलाखालून पाय दाबला, मी त्याचा दाबला. शेवटी शमुवेलकाका बोलले. काका रिटायर्ड गुरुजी, चौऱ्याहत्तर वर्षांचे, अर्ध्या तालुक्याले त्यायनंच पाढे शिकवले. म्हणाले, साहेब, असा बाप लोकायले दाखवणं हेच सांगणं आहे. मंग कमिटीनं होकार दिला.

घरी येऊन प्रार्थना केली. भांडूनच केली, पण केली.

१२ नोव्हेंबर, बुध.

नाटक लिहून काढलं, मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर. मजा आली. गोष्ट अशी की धाकटं पोरगं हिस्सा घेऊन परदेशी जाते, सारं उधळून उपाशी परत येते, अन् बाप त्याले दुरून पाहून धावत जाऊन गळ्याशी लावते. परदेश काढला, पुणं घातलं. भुकेलं पोरगं डुकरं राखते असं शास्त्रात आहे, ती डुकरं पार काढून टाकली. बायायले खाण्याच्या सीनमध्ये डुकरं कायले ऐकवायची. त्याच्या जागी मेसच्या मागं शिळ्या पोळ्या. मोठा भाऊ वावरातून कापूस वेचून येते अन् धाकट्याचे लाड पाहून दारातच फुगून बसते. सारं आपल्या बोलीत.

आमच्या नाटकाले ना पडदा ना स्टेज. नियम माझाच, पहिल्या नाटकापासूनचा. जिथं करायचं तिथं समोर जे दिसते ते वापरायचं. विहीर असन त विहीर, बैलगाडी असन त बैलगाडी. लोकायले वाटते हे आपल्याच घरचं चाललं आहे.

शेवटची चार वाक्यं शास्त्रात आहे तशी ठेवली. ती एवढी चांगली आहे की हात लावावा वाटला नाही.

१६ नोव्हेंबर, रवि.

प्रॅक्टिस चर्चच्या हॉलमध्ये. माणसं आमी चारच. काका बाप. प्रकाश मोठा भाऊ, अन् ढोलकीही त्यालेच, फुगून बसण्यात त्याले ॲक्टिंग करायची गरज नाही. धाकटा पोरगा एस्तेर, सरकारी दवाखान्यातली नर्स. पोट्टी मिशी लावून आली त काकानं तिले ओळखलंच नाही, तुमी कोण म्हणे. मी गाणं अन् मधातलं बोलणं.

बाप धावते तो सीन काकानं चार वेळा केला. धोतराचा सोगा हातात अन् निघाले. मी म्हटलं काका, गुडघे पाहा, चाललात तरी चालते. म्हणे नाही, चालला त नाटकच गेलं.

२० नोव्हेंबर, गुरु.

पाळकसाहेब प्रॅक्टिस पाहायले आले. मागच्या बाकावर बसले. काका धावले तेव्हा त्यायनं रुमाल काढला. शेवटी म्हणाले, "रेखाताई, शेवट शास्त्रातल्यासारखाच ठेवलात हे फार चांगलं केलंत." मले लाज वाटली, कमिटीत उगाच बोलली त्यायले. रविवारी टाकळीले तेही येतो म्हणाले, विनापत्रक. चला, एक लढाई जिंकली.

२३ नोव्हेंबर, रवि.

लिहावं वाटत नाही. लिहिते.

चारले पोचलो टाकळीले, साहेबही सोबत. मंदाताईनं अंगण सारवून ठेवलं होतं, रांगोळीही. साठ-सत्तर माणूस. बाया वेचणीवरून आल्या त तशाच ओट्या बांधून बसल्या. देवरावभाऊ ओसरीत बाजेवर, पाय खाली सोडून, तोंड दुसरीकडं. मी आधीच सांगितलं की गोष्ट आमच्या ख्रिस्ती शास्त्रातली आहे, आवडली त ठेवा, नाही त सोडून द्या. कोणी हरकत घेतली नाही.

एस्तेर लय जमली. शिळ्या पोळ्यायच्या सीनले बाया चुकचुक करून राह्यल्या. प्रकाशले शिट्ट्या पडल्या. अन् मंग काका धावले. चष्मा हलून राह्यला, सोगा हातात, तोंडातून आवाज निघत नाही.  मी देवरावभाऊकडं पाह्यलं. बाजेवरून पुढं वाकले होते. मनात म्हटलं, झालं. जमलं. प्रभू, तुह्ये उपकार.

मंग काकानं ती ओळ घेतली. शास्त्रात पोरगं परत आल्यावर बाप मेजवानी करते अन् पोसलेलं वासरू कापायले सांगते. समोर जे दिसते ते वापरायचं हा माझा नियम. समोर देवरावभाऊचा गोठा, गोठ्यात खुंट्याले महिन्याभराचं वासरू, कपाळावर पांढरा टिक्का. काकानं हात लांब केला, नेमकं त्या वासराकडं बोट केलं, अन् भरल्या आवाजात म्हणाले की ते आणा, कापा, आज आपल्याकडं जेवण आहे.

प्रकाश ढोलकी वाजवतच राह्यला, त्याले काही समजलंच नाही. बाकी सारं थांबलं. मंदाताईचा हात तोंडावर. देवरावभाऊ उठले, बिनचपलेचे अंगणात उतरले, आमच्या मधातून गोठ्यात गेले. वासराचं दावं सोडलं अन् त्याले घरात घेऊन गेले. आतून कडी लावली. कडीचा आवाज ऐकू आला.

कोणी मारलं नाही, शिवी नाही. दोघं-तिघं पोट्टे मोबाइल वर करून उठले, म्हणे बुढेबाबा, पुन्हा म्हणा बरं काय म्हटलं ते. पोलीस पाटलानं त्यायले खाली बसवलं अन् आमाले म्हटलं, सामान भरा. काकाले अजून समजलं नव्हतं की काय झालं. गाडीत बसल्यावर समजलं. आमचं आर्णी येईपर्यंत ते दोन्ही हातात तोंड धरून बसले.

२४ नोव्हेंबर, सोम.

दुकान उघडलं नाही.

कोणाच्याच कसं ध्यानात आलं नाही? आठवडाभर प्रॅक्टिस. काका, मी, प्रकाश, एस्तेर, साहेब. पाच जणं. कारण आमी ती ओळ लहानपणी चर्चच्या शब्बाथशाळेपासून ऐकत आलो. मी तिसरीत असताना त्या वासराच्या चित्रात रंग भरला आहे, पिवळा. आमच्या कानाले ते वासरू वासरू वाटतच नाही, आमेनसारखं वाटते. डुकरं काढली मी, लोकायले चालणार नाही म्हणून. डुकरं काढली अन् वासरू ठेवलं. काय अक्कल माही. अन् मी म्हणते मले गाव समजते!

प्रकाश म्हणते, तू थोडीच बोट दाखवायले सांगितलं. मी म्हटलं, मीच सांगितलं, दहा वर्षांपासून तेच सांगून राह्यली.

व्हिडिओ फिरून राह्यला. तेवढीच ओळ, मागचं-पुढचं काहीच नाही. धावणारा बाप कोणी टाकला नाही.

मंदाताईले सहा फोन केले. उचलत नाही.

२६ नोव्हेंबर, बुध.

कमिटी. पाळकसाहेब म्हणाले नाटकं बंद, नाताळ होईपर्यंत तरी, वातावरण शांत होऊ द्या. भीती त्यायच्या आवाजात होती अन् ती खोटी नाही. चर्चच्या समोरून दोन गाड्या हॉर्न वाजवत फिरल्या म्हणे. कोणी म्हणालं, पत्रच पाठवून द्या माफीचं, लेटरहेडवर.

मी म्हटलं, पत्र कायले? चूक मी त्यायच्या अंगणात केली, माफी अंगणातच मागीन. बाई चुकली त बाईनं जायचं. तुमी मले मंडळीतून काढा, पण मी शनिवारी टाकळीले जाऊन राह्यली. साहेब म्हणाले, काही झालं तर? मी म्हटलं, झालं त झालं. 

बाहेर आल्यावर काका चपला घालता घालता म्हणाले, किती वाजता निघायचं?

२९ नोव्हेंबर, शनि.

गेलो. प्रकाश गाडी घेऊन पारापाशी थांबला, काका अन् मी आत.

देवरावभाऊ ओसरीतच होते. मंदाताई दारात आली अन् मले पाहून आत गेली. काकानं हात जोडले. देवरावभाऊले त्यायनंच तिसरीत शिकवलेलं. गुरुजीनं हात जोडले त देवरावभाऊ पटकन उठले, म्हणे असं करू नोका, बसा. पाणी आलं. पाणी आलं तवा माह्या जिवात जीव आला.

मी सारं सांगितलं. ओळ कुठून आली, कशी राह्यली, नियम माझा, लिहिणारी मी. तोंड खाली घालून नाही सांगितलं, पाहून सांगितलं. देवरावभाऊनं तंबाखू मळली. मंग म्हणाले, "वासराचं मी समजलो. ते गुरुजीच्या तोंडून चुकून गेलं. पण माह्या अंगणात सगळ्या गावासमोर माहीच गोष्ट दाखवली, ते चुकून नव्हतं."

खरंच होतं. मी म्हटलं, हो, ते चुकून नव्हतं. आतून भांड्याचा आवाज आला.

मंग काकाकडं वळून म्हणाले, "एक सांगा गुरुजी. बापानं पळत जावं का? पोरगं येते, पायाशी बसते, मंग बाप त्याले उठवते. बाप कुठी पळते का?"

मले वाटलं काका आता शिकवतील. काकाले सारं शास्त्र तोंडपाठ. काका म्हणाले, "मले नाही माहीत देवराव. मी माह्या पोरासाठी कधी पळालो नाही. नाटकातच पळतो." काकाचा पोरगा नागपूरले असते, येत नाही, हे साऱ्या मंडळीले माहीत आहे. पण काकाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

 निघताना देवरावभाऊनं सांगितलं की आमच्याकडं आनंद झाला त वासरू कापत नाही, गाय व्याली की तिचा पहिला चीक घरोघर वाटतो, खरवसासाठी, एक घर सोडत नाही. अन् म्हणे, ती ओळ साऱ्या गावानं ऐकली, आता दुरुस्त केलेली बी गावालेच ऐकवा. माह्या अंगणात नाही. शाळेसमोर करा, पाटलासंग मी बोलतो.

गाडीत बसल्यावर मी रडली. काका खिडकीतून तुरीचे वावरं पाहत राह्यले.

३ डिसेंबर, बुध.

बाजाराचा दिवस. टाकळीच्या बचत गटाच्या पाच बाया दुकानात. फॉल-पिकोच्या नावानं आल्या अन् दीड तास बसल्या. नाटकातल्या बापानं काय जेवण करावं यावर भांडण. एक म्हणे पुरणपोळी, दुसरी म्हणे एवढ्या दिवसांनी पोरगं आलं त त्याले आधी झुणका-भाकर दे, मेसचं खाऊन जीभ मेली असन त्याची. तिसरी म्हणे मायचं काय झालं, तुमच्या गोष्टीत माय काहून नाही? खरंच काहून नाही? मी चाळीस वर्षं ती गोष्ट ऐकली, कधी विचारलं नाही. घातली माय. चूल फुंकते अन् काहीच बोलत नाही, एवढीच.

मंदाताई सोबत नव्हती.

७ डिसेंबर, रवि.

टाकळीचं नाटक चौदाले ठरलं. साहेबाले नवीन शेवट वाचून दाखवला. बाप नोकराले म्हणते, घरोघर चीक वाटा, एक घर सोडू नका, माहं पोरगं आलं. साहेब कपाळाले हात लावून बसले. शास्त्र बदलायचं म्हणजे, रेखाताई, उद्या मला वर उत्तर द्यावं लागेल, म्हणाले.

काका म्हणाले, "वासरू बदललं साहेब. बाप तोच आहे."

साहेबानं पान पुन्हा वाचलं. मंग म्हणे, चौदा तारखेला मी येऊ शकत नाही, माझी दुसरीकडे उपासना आहे, पण तुम्ही जा. म्हणजे हो. पुरे मले तेवढं.

१० डिसेंबर, बुध.

मंदाताई आली. मले एवढा आनंद झाला की कात्री हातातून सोडली. पण तिचं काम वेगळं होतं.

अक्षयसंग बोलणं झालं. तो चौदाले यायले तयार आहे. तिचा बेत असा की एस्तेरच्या जागी अक्षयले उभं करायचं. अर्धं नाटक एस्तेरनं करायचं, अन् पोरगं घरी परत येते तो सीन आला की झाडामागून खरा अक्षय निघन. साऱ्या गावासमोर. बाप काय करन मंग? उठावंच लागन त्याले. "तुले बस एवढंच करायचं आहे, रेखा. एवढं कर माह्यासाठी."

मले पाच मिनिटं त भुरळच पडली, खोटं कायले लिहू. काय नाटक झालं असतं. तालुक्यात कोणी पाह्यलं नसन असं.

मंग मले ते बोट दिसलं, वासराकडं केलेलं. देवरावभाऊचा आवाज ऐकू आला, ते चुकून नव्हतं म्हणणारा. मी म्हटलं, नाही मंदाताई. त्या माणसाकडं मी एकदा बोट दाखवलं साऱ्या गावात, पुन्हा दाखवणार नाही. लोकायसमोर उठला त लोकायसाठी उठन. अक्षय यायचा असन त नाटकात नाही, घरी येऊ दे. मी स्वतः स्टँडवरून आणून सोडीन.

ती म्हणे, घरी तो येत नाही. बाबानं बोलावलं त येतो म्हणते, अन् बाबा बोलवत नाही. "तुह्या हातात होतं रेखा," एवढं बोलून गेली. मागं पाह्यलं नाही.

बरोबर केलं मी. बरोबर केलं तरी जेवण गेलं नाही.

१४ डिसेंबर, रवि.

शाळेसमोर, कडुनिंबाखाली. मागच्यापेक्षा दुप्पट लोक. अर्धे नाटकाले, अर्धे पुन्हा काही होते का पाहायले. मोबाइलवाले पोट्टे समोरच. पोलीस पाटील खुर्ची टाकून मधात. मी सुरुवातीलेच उभी राह्यली अन् सांगितलं, मागच्या वेळी आमची चूक झाली, ती अशी अशी, माफी मागते. अन् पुढं गेली, थांबली नाही. 

देवरावभाऊ मागं, हातपंपापाशी, उभेच. मंदाताई नाही.

काकाचा गुडघा सुजलेला. मी सकाळीच बजावलं होतं, आज चाला. पोरगं दिसलं अन् काका धावले. चार पावलं गेले असन, पाय मुडपला अन् धाडकन पडले. चष्मा एकीकडं. कोणी हसलं नाही. एस्तेर घाबरून जाग्यावरच. मी उठायले गेली त पाह्यलं, हातपंपापासून देवरावभाऊ निघालेले. दोन-तीन पावलं. तेवढ्यात काका हातावर जोर देऊन उठले अन् तसेच लंगडत, बिनचष्म्याचे, पुन्हा धावले. देवरावभाऊ तिथंच उभे राह्यले, लोकायच्या मधात.

चिकाची ओळ आली तवा म्हाताऱ्या बायायनं माना हलवल्या. चूल फुंकणाऱ्या मायले (ती मीच) धूर नसताना पाणी आलं डोळ्यात. नाटक संपलं. देवरावभाऊ कधी गेले समजलं नाही. चहा झाला, लोक चांगलं बोलले. एका पोट्ट्यानं सारं नाटक रेकॉर्ड केलं, म्हणे आता हे टाकतो.

अक्षय आला नाही. मी येताना स्टँडवर नजर टाकली, उगाच.

१५ डिसेंबर, सोम.

काकाचा गुडघा फुगला, एस्तेरनं पट्टी बांधून दिली. म्हातारा खुशीत.

साहेबाचा फोन. कसं झालं, कोणी काही विचारलं का. मी म्हटलं, दोघी जणी विचारत होत्या की तो बाप म्हणजे तुमचा देव का. मी हो म्हटलं. साहेब म्हणाले, बरं उत्तर दिलंत.

मंदाताई फोन उचलत नाही. ज्या घरासाठी गेलती त्या घरात काहीच हललं नाही. बाकी साऱ्या गावानं वा वा केलं त काय चाटायचं आहे ते? पुढच्या महिन्यात बोरी अरब गावाले नाटकाचं बोलावणं आहे. जाईन. पण मन तिकडंच अडकलं आहे, टाकळीले.

१९ डिसेंबर, शुक्र.

दुपारी दुकानात देवरावभाऊ. एकटे. मी उभीच राह्यली. पिशवीतून कापड काढलं, शर्टाचं, निळ्या बारीक रेघेचं. शर्ट शिवा म्हणे. मी बायायचंच शिवते, माणसायचं शिवत नाही, पण तोंडून निघालं नाही. टेप घेऊन त्यायच्या खांद्यापाशी गेली.

"माह्या मापाचा नाही," म्हणाले.

मी टेप हातात धरून तशीच. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत सांगत राह्यले. खांद्यात माह्यापेक्षा दोन बोटं जास्त होता. छाती माह्याएवढीच. हात लांब, मायवर गेला. आता जाडा झाला का वाळला, दोन वर्षांत मले काय माहीत. मंग विचारलं, रविवारी दुपारपर्यंत होते का? रविवारी संध्याकाळची पुण्याची गाडी पाह्यली आहे.

कंपनी कोणती, माहीत आहे का, मी विचारलं. नाव नाही माहीत, म्हणे. चाकणले आहे एवढं माहीत. सकाळी पाळी सुटायच्या वेळी एकेका गेटवर उभा राहीन. आठ दिवस लागले त आठ दिवस.

मी म्हटलं, मंदाताईजवळ नंबर आहे, मी घेऊन देते. नाही म्हणाले. "तिले सांगू नोका. त्यानं तोंड फिरवलं त मी एकट्यानंच पाहीन ते. तिनं कायले पाहावं?" मी म्हटलं, नाही सांगत.

जाताना दारात थांबले. मले वाटलं नाटकाचं काही बोलतील. काजं हाताचे करा म्हणाले, मशीनचे निघतात.

२० डिसेंबर, शनि.

सकाळी मंदाताईचा फोन, आपणहून. दहा दिवसांनी. रागावलेली नव्हती, थकलेली होती. म्हणे, हे आज चूपचाप बॅग काढून बसले, नातेवाइकाकडं जातो म्हणतात, कुठी ते सांगत नाहीत. मंग म्हणे, "खरं सांग रेखा, तुह्या त्या नाटकानं काय झालं?"

शर्टाची बाही मशीनखाली होती. मी म्हटलं, मले नाही माहीत मंदाताई. खोटं नाही ते. तो पोरगा गेटमधून निघून काय करन हे मले कुठी माहीत आहे. तिनं फोन ठेवला. शब्द दिला होता तो दिला होता.

मंग बाही लावली. कॉलर झाली. हातानं सात काजं करायचे आहे, आज बसून करीनच. दोन्ही बाजूनं कापड जास्त सोडलं आहे, उसवलं त वाढवता येईन एवढं.